इंजिनीअरिंगचा प्रवेश: आधी १३५ गुण, मग पर्सेंटाइल

महाराष्ट्रात बीई-बीटेकच्या प्रवेशाची चर्चा सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलभोवतीच (किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत त्या आकड्याभोवतीच) फिरते. पण सीईटीला किमान पर्सेंटाइलची अट नाही. गुण शून्यापेक्षा जास्त हवेत, एवढंच. खरी चाळणी बारावीची असते.

भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय म्हणजे बहुतेकांचं रसायनशास्त्र, या तिघांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५ गुण लागतात. राज्यातल्या मागासवर्गीय आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० टक्के, म्हणजे १२०. बारावीची एकूण टक्केवारी इथे कुणी विचारत नाही. गणितात ३८, भौतिकमध्ये ४४, रसायनमध्ये ५० असले तर बेरीज १३२. इंग्रजी-मराठीच्या जोरावर एकूण साठ टक्के असले तरी खुल्या गटातला हा मुलगा तीन गुणांनी अपात्र ठरतो. अशा वेळी जीवशास्त्र किंवा पात्र व्यावसायिक विषय घेतलेला असेल, तर रसायनच्या जागी त्याचे गुण धरून पाहा. पस्तीस गुणांवर पेपर सुटला म्हणून निर्धास्त राहू नका. गणितात ३५ पडले की उरलेल्या दोन विषयांत शंभर आणावे लागतात. प्रॅक्टिकलचे ३० आणि गणिताच्या अंतर्गत परीक्षेचे २० गुण इथेच तारतात, म्हणून जर्नल, म्हणजे प्रयोगवही, वेळेत पूर्ण करा.

दुसरी अडचण दाखल्यांची. नॉन-क्रिमीलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र) नुसतं असून भागत नाही, त्यावरची मुदत बघा: २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवं. मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र तसंच जोडलं जातं आणि छाननीत अर्ज अडकतो. त्यासाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला आधी काढावा लागतो, तेव्हा एप्रिल लागताच सेतू केंद्र गाठा. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं, प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातलंच हवं. केंद्राच्या नोकरीसाठी काढलेलं इथे चालत नाही.

जात पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ जातो. बारावीत पाऊल टाकल्याबरोबर कॉलेजचं पत्र घेऊन समितीकडे अर्ज करा. वडिलांकडच्या नातेवाइकाची व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) असेल तर ती जोडा, आजोबांच्या शाळेचा दाखला शोधून ठेवा. अर्जाच्या पावतीवर प्रवेश फेरीत भाग घेता येतो, पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र आलं नाही की उमेदवार खुल्या गटात ढकलला जातो.

प्रवेश फेरीसाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना अंदाज बांधत बसू नका, मनातलं कॉलेज वर ठेवा. २०२५ च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती जागा घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पसंतींना लागू होतं, तिसरीत पहिल्या सहांना. नको असलेलं कॉलेज ‘मिळणार नाहीच’ म्हणून वर टाकलं आणि नेमकं तेच मिळालं, की पुढच्या फेऱ्या बंद.