मूठभर तांदळाचे अर्पण घरी कसे सुरू करावे

हातात पैसा नसला तरी देवाला काय देता येते, हे मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० पासून जपलेली 'बुहफाय थाम' म्हणजे मूठभर तांदळाच्या अर्पणाची रीत दाखवते. स्वयंपाकासाठी तांदूळ मोजून घेतल्यावर, ते धुण्यापूर्वी, त्यांतलीच एक मूठ उचलून चुलीजवळच्या वेगळ्या डब्यात टाकावी. मूठ मोजलेल्या तांदळातूनच काढावी, पोत्यातून नव्हे. कारण तेवढा घास आपल्याच ताटातून कमी व्हावा, हाच माझ्या मते या अर्पणाचा प्राण आहे. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी हलक्या किमतीची नाणी, टाकणाऱ्या विधवेविषयी (मार्क १२:४१-४४) येशूने हेच सांगितले की इतरांनी आपल्या समृद्धीतून टाकले, हिने मात्र आपल्या कमताईतून.

भाकरी खाणाऱ्या घरात दळणाला ज्वारी काढताना तिची मूठ बाजूला ठेवावी. मूठ टाकताना मुलांना जवळ घेऊन एका वाक्याची प्रार्थना करावी. डबा कोरडा असावा आणि त्यात कडुनिंबाची सुकी पाने घालावीत. साठलेले धान्य मंडळीकडे, म्हणजे आपल्या चर्चकडे, पोहोचवावे. मिझोराममध्ये ते विकून आलेल्या पैशातून सुवार्ताप्रसाराच्या कामाला हातभार लागतो. एखाद्या दिवशी चूल पेटलीच नाही, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट मूठ टाकण्याची गरज नाही.