अ‍ॅपमधलं काय ब्लॉकचेनवर टाकायचं, काय नाही? सोयाबीनच्या गोदामावरून सांगतो

लातूर भागातल्या एका शेतकरी कंपनीच्या गोदामाचं अ‍ॅप करायलोय आम्ही. पहिल्याच मीटिंगला ठरलं होतं की सगळंच ब्लॉकचेनवर (नुसतं चेनही म्हणतात, म्हणजे अनेकांच्या कॉम्प्युटरवर एकसारखी राहणारी, मागून गुपचूप बदलता न येणारी नोंदवही) टाकायचं, आणि त्यात आमचे दोन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितो.

कोडला हात लावायच्या आधी एक वही घ्या. अ‍ॅपमधी जी जी माहिती साठणारय ती एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीपुढं एकच प्रश्न, हिच्यावरून भांडण कोणाकोणात होतं? आमच्या वहीत काटा, मॉइश्चर (मालातला ओलावा), माती-काडी, कट्टे, पावती, तारण कर्ज, विक्रीचा भाव, मालाचे फोटो, लॉगिन, मोंढ्यातले रोजचे भाव असं सगळं होतं. भांडणं निघाली दोनच. माल टाकल्यावर वजन नाहीतर मॉइश्चरचा आकडा मागून बदलला, हे शेतकरी आणि कंपनीत. आणि एकच पावती दोन ठिकाणी तारण ठेवली, हे दोन कर्ज देणाऱ्यांत. बाकी सगळ्याला साधा डेटाबेस पुरतो, मोंढ्यातला भाव तर लगेच दिसला पाहिजे, त्याला चेनवर नेऊन काय करायचं?

गावाकडच्या माणसाला समजवायचं तर सातबारा आणि फेरफार आठवा. सातबाऱ्यावर आज काय आहे ते दिसतं, फेरफारात ते तसं कसं झालं ते. आपला डेटाबेस म्हणजे सातबारा, चेनवर जायचं ते फक्त फेरफारासारखं, जुनी नोंद खोडायची नाही, चूक झाली तर दुरुस्तीची नवी नोंद करायची.

आता फोटो. इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवरच्या कॉन्ट्रॅक्टमधी, म्हणजे चेनवरच चालणाऱ्या प्रोग्रॅममधी, ३२ बाइटची एक नवी जागा भरायला साधारण २०,००० गॅस (चेनवरच्या कामाचं माप, फी त्यावरून ठरते) लागतो, म्हणजे २ एमबीच्या एका फोटोला ६५,५३६ जागा आणि १३१ कोटी गॅस, आणि अख्ख्या ब्लॉकची, म्हणजे चेनवर एका वेळी जाणाऱ्या नोंदींच्या गठ्ठ्याची, मर्यादाच काही कोटी गॅसची असते. म्हणून फोटो सर्व्हरवर ठेवा आणि त्याचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलवरून गणितानं निघणारा ६४ अक्षरांचा ठसा, तेवढाच चेनवर. पण सर्व्हरवरचा फोटो उडाला तर त्या ठशाचा काही उपयोग नाही, तवा बॅकअप घ्याच. अजून एक गोष्ट, पावतीचाही असाच हॅश काढतो, तिथं १२.५ आणि १२.५० हे माणसाला एकच, हॅशला वेगळे. आकडे कसे लिहायचे, रकाने कोणत्या क्रमानं, हे पहिल्या दिवशी पक्कं करा, आमचे लई हॅश यामुळंच जुळेनात.

नाव, मोबाइल, आधार, बँक खातं चेनवर टाकूच नका. हॅश करून टाकतो म्हणाल तर तेही नको, दहा आकडी मोबाइल नंबर जास्तीत जास्त १००० कोटी होतात, चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा कॉम्प्युटर एवढे सगळे काही मिनिटांत हॅश करून बघतो आणि नंबर उघडा पडतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माणसाला आपली माहिती पुसून मागायचा हक्क दिलाय, चेनवरून कसं पुसणार? पावतीचा हॅश काढतानासुद्धा प्रत्येक पावतीला वेगळा रँडम आकडा जोडा, म्हणजे अंदाजानं कोणाला हॅश जुळवता येणार नाही, आणि तो डेटाबेसात ठेवा. पुसायची वेळ आली की माहिती आणि तो आकडा दोन्ही काढून टाकायचे.

तारणाचं मात्र खरंच चेनचं काम आहे, पावती मोकळी का तारणात, एवढीच एक स्थिती, आणि तारणातली पावती दुसऱ्यांदा तारण होऊ द्यायची नाही हा नियम कॉन्ट्रॅक्टमधी. पण दोन्ही कर्ज देणारे तीच चेन बघणार असतील तरच याला अर्थ आहे, म्हणून आधी त्यांच्याकडं जाऊन विचारा. आणि तुमचं गोदाम डब्ल्यूडीआरएकडं (गोदामांवर देखरेख करणारं केंद्राचं प्राधिकरण) नोंदलेलं असेल तर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक पावती आहेच, एनईआरएल आणि सीसीआरएल या दोन रिपॉझिटरींत, म्हणजे अशा पावत्यांचा हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांत, तारणाची नोंद होते. तिथं उगं स्वतःची चेन काढू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मॉइश्चरच्या मशीननं १२ टक्क्यांच्या जागी १४ दाखवलं तर चेन ते १४ च जपून ठेवणार. खरं-खोटं काट्यावर ठरतं. म्हणून आम्ही आकडा शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर भरतो, त्याच्या मोबाइलवर ओटीपी जातो, त्यानं सांगितला की मगच पावती पुढं सरकते, तरी संध्याकाळपर्यंत हरकतीला जागा ठेवतो. रेंज गेली तर काटा थांबत नाही, नोंद फोनमधी साठते.

संध्याकाळी दिवसभराच्या पावत्यांच्या हॅशांचा मर्कल ट्री करून, म्हणजे दोन-दोन हॅश जोडून नवा हॅश काढत शेवटी उरतो तो एकच हॅश, ते मूळ चेनवर जातं. हजार पावत्या असल्या तरी एखादी त्यात होती हे दाखवायला दहाच हॅश लागतात, खर्च एका व्यवहाराचा.

काही जण म्हणायलेत की खाजगी चेन, ठरावीक लोकांपुरती, काढू. काढा, पण सगळे नोड, म्हणजे चेनची प्रत ठेवणारे कॉम्प्युटर, तुमच्याच सर्व्हरवर असतील तर तो हळू चालणारा डेटाबेसच झाला. कर्ज देणारा किंवा माल घेणारा नोड चालवायला तयार नसेल तर आम्ही सुरुवातीला केलं तसं करा, रोजचं ते ६४ अक्षरांचं मूळ शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. दोनशे फोनमधी ते त्याच दिवशी पोचतं, आणि मागून एक आकडा जरी बदलला तरी ते जुळत नाही.