दाखला हातात, पण नाव जुन्याच शाळेत: नववीची बदली

जिल्हा परिषदेच्या शाळेतून खासगी शाळेत नववीला प्रवेश घेतला, फी भरली, आणि नवी शाळा म्हणते, ‘मुलीचं नाव पोर्टलवर ओढता येत नाही.’ कारण साधं असतं: जुन्या शाळेने शाळा सोडल्याचा कागदी दाखला दिला, पण यू-डायस प्लसवर (केंद्र सरकारच्या शाळा-विद्यार्थी नोंदींच्या पोर्टलवर) मुलीला दाखल्यासह ‘शाळा सोडली’ असं दाखवलंच नाही. ती नोंद झाली की नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत जातं. मग नवी शाळा ११ अंकी पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा शिक्षण क्रमांक) आणि जन्मतारीख टाकून ते आपल्याकडे घेते.

आम्ही जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला, त्यात पेन नंबर आणि जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश नोंदवही) क्रमांक लिहिला. पोच मात्र नक्की घ्या. सरलवरची (राज्य सरकारच्या विद्यार्थी नोंदींच्या पोर्टलवरची) विनंती वेगळी असते. ती नवी शाळा पाठवते, जुनीने मंजूर करायची.

खरी मेख दाखल्यात. आईचं नाव आणि जात नीट वाचा, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख आधारशी तिथेच, कार्यालयात उभं राहून ताडून पाहा. चूक दिसली तर दाखला न स्वीकारता आधी रजिस्टरमध्ये दुरुस्ती मागा. शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते. दाखल्यावर स्वतः काहीही खोडू नका.