दोन सिस्टिमचं मशीन अडण्याआधीची तयारी

रात्रीचे साडेदहा, मे महिना, कूलर फुल असूनही अंगाला घाम. शेजारची इंजिनिअरिंगची मुलगी लॅपटॉप छातीशी धरून दारात उभी. “काका, विंडोज चालूच नाही होऊन राहिलं. दुकानात नेला होता, ते म्हणतात फॉरमॅट मारावं लागेल.” निळ्या स्क्रीनवर 48 आकड्यांची रिकव्हरी की मागितलेली. उबुंटूत, म्हणजे तिच्या लिनक्समध्ये, वायफायचा ड्रायव्हर चालेना म्हणून तिने सिक्युअर बूट (सुरुवातीला फक्त सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय) बंद केलं होतं, आणि विंडोजची ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजचंच कुलूप, असा बदल दिसला तर ते रिकव्हरी की मागतं) कुलूपबंद आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. मी सिक्युअर बूट परत चालू केलं, मशीन रीस्टार्ट केलं, विंडोज उघडलं. प्रोजेक्टची एकही फाइल गेली नव्हती. दुकानात हो म्हटलं असतं तर काहीही बिघडलेलं नसताना सहा महिन्यांचं काम पुसलं गेलं असतं.

तेव्हापासून ज्यांच्याकडे विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर आहेत त्यांना मी ही तयारी मशीन धड आहे तेव्हाच करायला लावतो. बूट, म्हणजे सिस्टिम सुरू होणं, अडलं की त्या मशीनवर सेव्ह केलेलं काहीच कामाला येत नाही.

पहिलं काम त्या कीचं. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन, तिथे चालू दिसलं तर तुमची ड्राइव्ह कुलूपबंद आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला की बऱ्याच मशीनवर हे आपोआप चालू होतं आणि की त्याच खात्यात जाऊन बसते. आता प्रश्न असा की ते खातं कुणाचं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने “मी करून देतो” म्हणत स्वतःचाच ई-मेल टाकला असेल, किंवा मोठ्या भावाच्या फोनवर ओटीपी गेला असेल, तर की त्यांच्याकडे आहे. आजच तपासा. सापडली की कागदावर उतरवा, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. उतरवताना चूक झाली का ते पाहायची सोपी युक्ती आहे: प्रत्येक गटाला 11 ने पूर्ण भाग गेला पाहिजे. एखाद्या गटाला जात नसेल तर तो गट पुन्हा बघून लिहा. कागद लॅपटॉपच्या बॅगेत नको, घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. यापुढे बायोसमध्ये (सिस्टिमच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) काहीही बदलायचं असेल तर आधी विंडोजमधून बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा. ते जमत नसेल तर तो कागद समोर असल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका.

मग पेन ड्राइव्ह, एक नाही, दोन. एकात तुमच्या लिनक्सची लाइव्ह आवृत्ती (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालणारी), दुसऱ्यात विंडोजची इन्स्टॉलेशन मीडिया, ही किमान 8 जीबीची. विंडोजची पेन ड्राइव्ह चालत्या विंडोजवरूनच बनवून ठेवावी असं मी आग्रहाने सांगतो. विंडोज बंद पडल्यावर लिनक्समधून ती बनवायला गेलं की तिच्यातली मुख्य फाइल बहुतेक 4 जीबीपेक्षा मोठी निघते, पेन ड्राइव्हच्या फॅट32 या फॉरमॅटमध्ये ती मावत नाही, आणि ऐन वेळी नवीनच भानगड उभी राहते. दोन्ही पेन ड्राइव्ह बनवल्या की लगेच एकदा त्यांच्यावरून मशीन सुरू करून बघा. बूट मेन्यूची कळ प्रत्येक कंपनीची वेगळी: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ12, एचपीवर एफ9, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. त्या मेन्यूत कधीकधी एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसते, एकीच्या नावाआधी यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) लिहिलेलं असतं. सिस्टिम यूईएफआय पद्धतीने बसवली असेल तर तीच निवडायची. दुसरी निवडून ग्रब (कोणती सिस्टिम उघडायची ते सुरुवातीला विचारणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) दुरुस्त केलात तर तो जुन्या पद्धतीने बसतो आणि पुन्हा जिथल्या तिथे. तुमची कळ कोणती ते पेन ड्राइव्हवर चिकटपट्टी लावून लिहून टाका.

फोनमध्ये फोटो काढून ठेवायचे ते तीन गोष्टींचे. पहिला, बायोसच्या प्रत्येक पानाचा, विशेषतः बूट ऑर्डर, सिक्युअर बूट आणि डिस्कचा मोड (मशीन डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतं ते) एएचसीआय आहे की रेड. दुसरा, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटचा. तिसरा, लिनक्सच्या टर्मिनलमध्ये पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या वेगवेगळ्या भागांची, यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके या कमांडचा. डिस्क मॅनेजमेंटचा फोटो नीट बघून ठेवा. सुरुवातीला साधारण 100 एमबीचं एक लहानसं पार्टिशन असतं, तेच ईएफआय. दोन्ही सिस्टिमच्या बूटच्या फाइली त्यातच वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतात. आणि ज्या मोठ्या पार्टिशनला अक्षर नाही, जे रिकामं वाटतं, ते तुमचं लिनक्स आहे. जागा कमी पडते म्हणून ते डिलीट करणारे मी पाहिले आहेत. त्यानंतर काळ्या स्क्रीनवर नुसतं ‘ग्रब’ आणि एक चिन्ह उरतं, कारण ग्रबला त्याचा मेन्यू सापडत नाही. अशा वेळीसुद्धा विंडोज सहीसलामत असतं. बूट मेन्यूची कळ दाबून विंडोज बूट मॅनेजर निवडलं की ते सुरू होतं.

फास्ट स्टार्टअप बंद करा, कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ते सापडेल. ते चालू असताना शट डाउन म्हणजे अर्धी झोप असते आणि लिनक्सला विंडोजची ड्राइव्ह फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. लिनक्समधून जबरदस्तीने लिहायला जाऊ नका. बंद करायचं राहिलंच असेल तर विंडोजमधून रीस्टार्ट करून मग लिनक्समध्ये या, रीस्टार्टला ही अडचण येत नाही.

बॅकअपबद्दल फार सांगत नाही. एक बाहेरची हार्ड डिस्क आणि आठवड्यातून एक संध्याकाळ.

आता वीज. आपल्याकडे मे-जूनमध्ये वारा सुटला की लाइट जाते, येते, पुन्हा जाते. पार्टिशन लहान-मोठं करणं किंवा बायोस अपडेट करणं अशा वेळी अजिबात करू नये. लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर, आणि आभाळ भरून आलं असेल तर उद्यावर टाका. डेस्कटॉपवाल्यांनी आणखी एक बघावं. नागपुरात महाल भागातल्या माझ्या मावसभावाच्या जुन्या डेस्कटॉपवर रोज सकाळी तारीख भलतीच दिसायची आणि विंडोज निळा पडदा दाखवून थांबायचं. रात्री तो मेन स्विच बंद करायचा. बोर्डावरचा सीआर2032 चा बटण सेल संपला होता, त्यामुळे बायोस रोज मूळ सेटिंगवर जायचा आणि डिस्कचा मोड एएचसीआयवरून रेडवर पडायचा. त्याच्याकडे बायोसचा फोटो होता, म्हणून फरक पाच मिनिटांत कळला. दोन प्लेट तर्री-पोह्यांच्या पैशात सेल आला, सीताबर्डीवर कुठेही मिळतो.

एवढं जमवून ठेवल्यावर मशीन खरंच अडलं, तर कुठे अडलं ते आधी बघायचं, मगच हात लावायचा. सरळ विंडोजच उघडतं आणि ग्रबचा मेन्यू येत नाही, तर बहुतेक वेळा विंडोजच्या अपडेटनंतर नुसता क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये उबुंटूचं नाव वर आणलं की झालं. मेन्यू येतो पण त्यात विंडोजचं नाव नाही, तर कारण वेगळं: 2021 मध्ये आलेल्या ग्रब 2.06 पासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तो चालू करून ग्रब अपडेट केला की नाव परत दिसतं. ‘शिम एसबॅट डेटा फेल्ड’ अशा अर्थाची ओळ येऊन मशीन बंद होत असेल तर घाबरू नका. ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनंतर दोन सिस्टिमच्या (ड्युअल बूट) अनेक मशीनवर हेच झालं होतं. बिटलॉकरची की समोर ठेवून सिक्युअर बूट थोडा वेळ बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन एमओकेयूटिल या साधनाने ते एसबॅट धोरण (लिनक्सच्या जुन्या बूट फाइली अडवणारा नियम) काढायचं, रीस्टार्ट करून एकदा पुन्हा लिनक्समध्ये जायचं, आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचं. कंपनीचा लोगोसुद्धा येत नसेल तर दोन्ही सिस्टिमचा काही दोष नाही, तिथे हार्डवेअरवाल्याकडेच जा.

एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा, वेळेसकट. रात्री दीड वाजता तिसरा बदल कोणता केला होता ते आठवत नाही. दुकानात न्यावंच लागलं तर मशीन देण्याआधी वहीचं पान दाखवा आणि स्पष्ट सांगा की विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही. शक्य असेल तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून कामाच्या फाइली आधी घरीच काढून घ्या. बिटलॉकर असलेली ड्राइव्ह तिथे की मागेल, तेव्हा तोच कागद काढायचा.

दुरुस्ती झाल्यावर दोन्ही सिस्टिम दोन-दोनदा सुरू करून बघा, एकदा रीस्टार्टने, एकदा पूर्ण बंद करून. विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं तर बिघाड समजू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या घड्याळाच्या कमांडला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की दोन्हीकडे एकच वेळ दिसते. त्या मुलीच्या लॅपटॉपवर तेवढंच राहिलं होतं. ते झालं तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि तिची आई जिन्यात उभी राहून वाट बघत होती.