तिलारीच्या जलाशयात शिंगाळा धरताना

तलावातल्या मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे असेल त्यांची परवानगी आधी घ्या.

शिंगाळा हा मिशा असलेला मासा तळाशी चरतो, आमिष तळालाच हवं. ०.४० मिमीच्या तंगुसात (नायलॉनच्या दोऱ्यात) ३० ग्रॅमचं भोकाचं शिसं मोकळं ओवा, मग मणी, गाठ, पुढे ४० सेंमी दोरा आणि गळ. शिसं घट्ट बांधलं तर माशाला ओझं जाणवतं नि तो आमिष सोडतो. गांडुळांचा झुबका उत्तम. कोंबडीची कलेजी फेकताना सुटते, ती दोऱ्याने गुंडाळाच. गळाचं टोक मात्र उघडं राहू द्या. ओढा जलाशयाला मिळतो तिथे, दिवस मावळल्यावर टाका. बुडालेले खुंट टाळा, गळ तिथेच अडकतो.

पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन काटे खोल जखम करतात. ओल्या फडक्याने, काट्यांच्या मागून धरा.