घरी हीट पंप बसवताय? खर्च वाढवणाऱ्या या चुका टाळा

पुण्यात हीट पंपाची, म्हणजे हवेतल्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या यंत्राची, चौकशी करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मशीन कितीला पडतं? टाकी जोडलेलं २०० लिटरचं घरगुती मशीन हवं असेल तर लाखाच्या आसपास आणि त्यापुढची तयारी ठेवावी लागते, हे त्याचं ढोबळ उत्तर. पण तेवढ्यावरून घ्यायचं की नाही हे ठरत नाही. घरात गरम पाणी रोज किती लागतं, मशीन कुठे उभं राहणार आणि तिथून नळापर्यंत पाणी किती लांबून येणार, पुढच्या दहा वर्षांचा खर्च या तीन गोष्टींवर ठरतो. दुकानात नेमकं हेच कुणी विचारत नाही, म्हणून हे लिहितोय.

इंग्लंड-जर्मनीतले व्हिडिओ पाहून खर्चाचा अंदाज बांधत असाल तर तो बाजूला ठेवा. तिथे हाच हीट पंप अख्खं घर ऊबदार ठेवतो, त्यामुळे रेडिएटर आणि भिंतींच्या इन्सुलेशनचा खर्चही त्यात येतो. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरला तरी दुपारी तो २८-३० पर्यंत चढतो. इथे प्रश्न फक्त आंघोळीच्या आणि स्वयंपाकघरातल्या पाण्याचा आहे. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणाऱ्या यंत्राला पुण्याची हवा फार मानवते, ही त्यातली चांगली बाजू.

गरज न मोजता मशीन घेणं

सगळ्यात महाग चूक हीच. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साधारण ८ युनिट उष्णता लागते. गिझर ती सगळी विजेतून घेतो. हीट पंपाचा सीओपी ३ धरला, म्हणजे एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळते असं मानलं, तर तेच काम पावणेतीन युनिटांत होतं. रोज पाच युनिट वाचले. उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट येतं, तेव्हा बचत कमी. ते सगळं धरून वर्षाला १,४०० युनिट वाचतात असं मानू. १२ रुपये युनिटने ते १६,८०० रुपये झाले. गिझरपेक्षा सव्वा लाख जास्त मोजले असतील तर साडेसात वर्षांत पैसे वसूल.

आता चार जणांचं, बादलीने आंघोळ करणारं घर घ्या. प्रत्येकी दोन बादल्या म्हणजे १६० लिटर कोमट पाणी. ४० अंशांच्या २० लिटर बादलीत टाकीतलं ५५ अंशांचं पाणी जेमतेम साडेअकरा लिटर जातं, बाकीचं गार. म्हणजे घराची खरी गरज ९०-९५ लिटर. इथे गिझरलाच रोज पावणेचार युनिट पुरतात, हीट पंपाने त्यातले अडीच वाचतील. तोच सव्वा लाख फिटायला चौदा-पंधरा वर्षं लागतील, आणि मशीनचं आयुष्यही साधारण तेवढंच. दोन माणसांच्या फ्लॅटमध्ये तर हिशेब बसतच नाही. तिथे चांगला पंचतारांकित गिझर घ्या आणि उरलेले पैसे राखून ठेवा, हे मी अगदी मनापासून सांगतो.

हीट पंप शोभतो तो एकत्र कुटुंबाच्या बंगल्यात, तीन-चार बाथरूम आणि शॉवर असलेल्या घरात, पेइंग गेस्ट ठेवणाऱ्यांकडे. १२ रुपयांच्या जागी तुमच्या बिलावरचा दर घाला. महावितरणचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो. त्यामुळे जास्त वापराच्या घरात वाचलेलं युनिट हे सगळ्यात महागड्या टप्प्यातलं असतं आणि बचत त्या दराने धरायची असते.

चालू असलेला सोलर उतरवणं

गच्चीवर सोलर वॉटर हीटर असेल तर तो काढून त्या जागी हीट पंप बसवू नका. आठ महिने ऊन फुकट पाणी तापवतं. जून ते सप्टेंबर ढगांमुळे तो अडतो आणि आतली विजेची कॉइल लावावी लागते. हीट पंपाची खरी जागा तिथे, कॉइलच्या बदल्यात. मात्र पाणी आधी सोलरमधून आणि मग हीट पंपात येईल अशी जोडणी करून घ्या. उलट झाली तर सोलरला तापवायला गार पाणीच उरत नाही.

मशीन कोंडून ठेवणं

फ्लॅटमध्ये मशीनला जागा मिळते ती ड्राय बाल्कनीत, आणि बहुतेकांनी तिला काचेच्या सरकत्या खिडक्या लावून घेतलेल्या असतात. हीट पंप हवा ओढतो, तिच्यातली उष्णता काढून घेतो आणि गार हवा बाहेर टाकतो. बंद जागेत तीच गार झालेली हवा तो पुन्हा ओढतो. सीओपी तीनवरून खाली घसरतो, कंप्रेसर जास्त वेळ चालतो आणि बचत तिथेच संपते. बाहेरची हवा मोकळी येत नसेल तर ती जागा हीट पंपाची नाही.

वजनाचाही विचार हवा. भरलेल्या २०० लिटर टाकीसकट मशीन पावणेतीनशे-तीनशे किलोंवर जातं. माळ्यावर किंवा बाल्कनीच्या टोकाला ते चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. शेजारच्या बेडरूमच्या भिंतीला लागून ठेवलंत तर कंप्रेसरच्या आवाजावरून सोसायटीत वाद होतील. पावसाळ्यात दमट हवेमुळे मशीनखाली भरपूर पाणी ठिबकतं. ती गळती नसते, पण त्याला वाट काढून दिलेली असायला हवी.

गच्ची मोकळी म्हणून मशीन गच्चीवर आणि बाथरूम तळमजल्यावर, ही बंगल्यांमधली नेहमीची रचना. पाऊण इंची पाइप २० मीटर लांब असेल तर त्यात पाच लिटरच्या वर पाणी साठतं. दर वेळी तेवढं गार पाणी सोडून द्यावं लागतं आणि नळ बंद केला की तेवढंच तापवलेलं पाणी पाइपात निवतं. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपाला नायट्राइल रबराचं आवरण घालायचा खर्च मशीनच्या मानाने किरकोळ आहे. जुन्या घरात भिंतीतल्या पाइपाला ते घालता येत नाही. मग मशीनच बाथरूमच्या जवळ आणायचं.

गिझरसारखं वापरणं

आंघोळीच्या आधी पंधरा मिनिटं बटण दाबलं आणि पाणी तापलं नाही, अशी तक्रार सुरुवातीला खूप घरांतून येते. मशीन बिघडलेलं नसतं. हीट पंप सावकाश तापवतो, भरलेल्या टाकीला तीन ते पाच तास लागतात. पाणी आधी तापवून साठवायचं, ही त्याची रीत.

मग तापवायचं कधी? बहुतेक जण टायमर पहाटे चारला लावतात, म्हणजे हवा सगळ्यात गार असताना. टायमर दुपारी बारा ते चारवर आणा. हवा उबदार, म्हणून वीज कमी लागते. टाकीचं इन्सुलेशन चांगलं असेल तर सकाळपर्यंत पाणी थोडेच अंश उतरतं. टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारं मीटर) बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर महावितरणची सवलत आहे, तीही पदरात पडते. छतावर सौर पॅनल असतील तर दुपारची वीज घरचीच. (पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते पॅनलवर आहे. हीट पंपाच्या किमतीत ते धरू नका.)

तापमान ५०-५५ वर ठेवा. ६५ ला लावलं की अनेक मशीनमध्ये आतला इलेक्ट्रिक हीटर मदतीला येतो आणि तेवढा वेळ तुम्ही महागडा गिझरच चालवत असता. अधूनमधून एकदा टाकी ६० अंशांवर नेणं मात्र चांगलं, त्याने साठलेल्या पाण्यात जंतू वाढत नाहीत.

अर्धवट कोटेशनवर सही करणं

'इन्स्टॉलेशन फ्री' म्हणजे बहुधा मशीन उभं करून चालू करणं. चौथरा किंवा स्टँड, गरम-गार पाइप, आवरण, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा), सेफ्टी व्हॉल्व्ह, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं बटण), मशीनपर्यंतची वायर, अर्थिंग, प्रेशर पंप, गच्चीवर चढवण्याची मजुरी हे सगळं कुणाकडे, ते कोटेशनवर लिहून घ्या. जीएसटी धरून की सोडून, तेही. जुन्या वाड्यातल्या किंवा चाळीस वर्षांच्या इमारतीतल्या घरात अर्थिंग नव्याने करावं लागेल असं धरूनच चला. त्यात काटकसर करू नका, हा पाण्याशी जोडलेल्या विजेचा मामला आहे. घरात एसी असतील तर मंजूर भार पुरतो का, तेही वीजबिलावर बघा.

सीओपी ४.२ असं छापलेलं असलं तर हवेच्या कोणत्या तापमानाला आणि पाणी कितीवरून कितीवर नेताना मोजलं, ते विचारा. खर्चाचा हिशेब ३ ने करा.

पाणी न तपासणं

खडकवासल्याचं पाणी तसं मऊ. पण वाघोली, उंड्री, बाणेर-वाकडच्या टोकाच्या कित्येक सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. ते पाणी जड असेल तर टाकीत क्षारांचा थर बसतो आणि हीटरची कॉइल जळते. टाकीऐवजी गंज स्वतःवर घेणारा मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड झिजून संपला की गंज थेट टाकीला लागतो. जड पाण्याच्या भागात रॉड दरवर्षी उघडून बघा आणि सॉफ्टनरचा खर्च पहिल्याच दिवशी धरा. वॉरंटीच्या कागदावर पाण्याच्या जडपणाची मर्यादा दिलेली आहे का, ते पैसे देण्याआधी वाचा.

बसवल्यावर बिल कमी होत नसेल तर

आधी इलेक्ट्रिक हीटर सतत चालू राहतोय का ते सेटिंगमध्ये बघा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं. मग मागची जाळी. बांधकामाची धूळ आणि कबुतरांची पिसं यांनी ती महिन्या-दोन महिन्यांत भरते. मशीन बंद करून मऊ ब्रशने साफ करा, पंखा अडत नाही ना ते बघा, पण वरून वेगळी जाळी लावून हवेची वाट आवळू नका. गार पाण्याच्या नळातून कोमट पाणी येत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा एखादा मिक्सर नळ गरम पाणी उलटं सोडतोय. आरसीसीबी वारंवार पडत असेल तर हीटरची कॉइल फुटलेली असू शकते. ते पुन्हा पुन्हा वर करत बसू नका, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत मशीन बंदच ठेवा.

आणि कुणी दरवर्षी "गॅस भरावा लागेल" म्हणत असेल तर थांबवा. हीट पंपातला गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून, सांधा बुजवून, दाब तपासून मगच गॅस भरायला सांगा, आणि गळती कुठे होती ते बिलावर लिहून घ्या.