'फॉरेन बॉर्न' म्हणजे नक्की कोण, आणि मराठीत कसं लिहायचं

अमेरिकेच्या बातमीत 'फॉरेन बॉर्न' दिसलं की लोक बिनधास्त 'विदेशी नागरिक' असं करून टाकतात, ते चुकतं. तिथल्या जनगणनेत फॉरेन बॉर्न म्हणजे जो जन्मतः अमेरिकन नागरिक नव्हता तो, पुढे शपथ घेऊन पासपोर्ट मिळाला तरी शिक्का तोच. म्हणजे धुळ्याचा पोरगा ३० वर्षं न्यू जर्सीत राहून सिटीझन झाला तरी फॉरेन बॉर्नच, पण त्याची तिथे जन्मलेली पोरगी नाही, ती सेकंड जनरेशन. आणि गंमत म्हणजे अमेरिकन आईबापाचं पोर जळगावात झालं अन् त्याला जन्मतःच तिथलं नागरिकत्व मिळालं तर ते 'नेटिव्ह' धरतात! नाव जन्मगावाचं, हिशोब नागरिकत्वाचा.

म्हणून लिहिताना 'जन्माने परदेशी' असं लिहा, अन् एकदा खुलासा करा. 'घुसखोर' तर अजिबात नको, त्या शब्दाचा इथे काही संबंध नाही.

आपल्या जनगणनेत मात्र खरंच जन्मठिकाण बघतात, अन् तिथे आपली माहेरची पद्धत घोळ घालते. सुरतला राहणारी आमची ताई बाळंतपणाला अमळनेरला आली, सव्वा महिन्यानी बाळाला घेऊन परत गेली, झालं, बाळ जन्मठिकाणानुसार स्थलांतरित! पाळण्यातलं पोर काय स्थलांतर करणार भाऊ. १९७१ पासून आधीचं राहतं ठिकाणही विचारतात, तेव्हा आकडा टाकताना तो कुठल्या प्रश्नावरून आलाय तेवढं सोबत लिहा.